झोपेचं बटण

धुळ्यातल्या एका ऑफिसात मी बरीच वर्षं लोकांचे कॉम्प्युटर सांभाळते. कुणाचं मशीन अडलं की मी पाच मिनिटांत हजर. एरंडोलला माझ्या वडिलांच्या मशीनला मात्र पाच महिन्यांत माझी पाच मिनिटं मिळाली नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे सारवासारव करायला नको.

ते जुनं मशीन मीच त्यांना दिलं होतं, लिनक्स घालून. रिटायर झाल्यावर नानांनी, म्हणजे वडिलांनी, एक काम काढलं होतं. त्यांच्या थोरल्या बहिणीला, आमच्या अक्काला, अहिराणीतली लग्नाची गाणी तोंडपाठ. गावात दुसऱ्या कुणाला ती पुरी येत नव्हती. अक्का पलंगावर बसून सांगायची, नाना एका बोटाने टाइप करायचे. त्या स्वस्तातल्या कीबोर्डवर डिलीटच्या खालीच झोपेचं बटण. चूक खोडायला गेलेलं नानांचं बोट नेमकं त्यावर पडायचं आणि मशीन झोपायचं. झोपलं की उठायचंच नाही. बंद करून पुन्हा चालू करावं लागायचं, आणि टाइप केलेलं सगळं गेलेलं असायचं.

मध्येमध्ये सेव्ह करत जा, असं मी फोनवर ओरडून सांगायचे.

"लगननं गानं अर्धं ठेवू नही वं पोरी," नाना म्हणायचे.

हे गाणं मध्येच सोडलं तर नवरीचा संसार अर्धा राहतो, असं आमच्या घरात मानतात. गाताना खोकला आला तर बायका शेजारणीला खुणावतात, पण ओळ तुटू देत नाहीत. नानांनी तोच नियम कॉम्प्युटरला लावला. शेवटची ओळ झाल्याशिवाय सेव्ह नाही. मला आधी हसू यायचं, मग राग यायचा.

अक्का न कंटाळता पुन्हा पहिल्यापासून सांगायची. "भाऊ, तुनं मशीन मन्हापेक्षा जास्त झोपस," म्हणायची. पण तिला आता धाप लागत होती. "कव्हय येशी वं?" नाना फोनवर विचारायचे. मी म्हणायचे, या रविवारी नक्की.

नवरीला वेशीपर्यंत पोचवतानाचं लांबलचक गाणं चार वेळा बुडालं. पाचव्यांदा सांगायला अक्का राहिली नाही.

तिच्या दहाव्याला गेले, तेव्हा मशीनपुढे बसले. सेटिंगच्या एका फाईलीत झोपेच्या बटणापुढे 'इग्नोर' लिहिलं, मशीन पुन्हा चालू केलं, बटण दाबून दाबून पाहिलं. स्क्रीन तसाच चालू. चार मिनिटं लागली. मला स्वतःची किळस आली.

"आते झोपत नही ना?" नानांनी विचारलं.

"नाही नाना."

ते खुर्चीवर बसले. वेशीच्या त्या गाण्यातल्या आठवत होत्या तेवढ्या सहा ओळी त्यांनी एका बोटाने टाइप केल्या. पुढची ओळ बराच वेळ आठवून पाहिली. मग सेव्ह केलं.