चार, नाल्कु, फोर

मल्लाप्पाच्या खांद्यावरचा टॉवेल पंपाच्या शाफ्टला गुंडाळला गेला आणि डोळ्यांदेखत चिंध्या झाला. भर दुपारी मोटर आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट बघायला तो वाकला होता. आणखी दोन बोटं पुढं असता तर हातच गेला असता. पंप बंद होता आणि पंपघरात कोणी बटणाला हात न लावता सुरू झाला होता.

ती वायरलेस यंत्रणा मी बसवली होती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. निपाणीच्या बाजूला नदीवर पंपघर, आठ मैलांवर टेकडीवर गावाची टाकी. टाकीवरच्या ऑपरेटरनं बटण दाबलं की वायरलेसवरून शून्य आणि एकची आठ आकड्यांची खूण जायची आणि तिकडं पंप चालू नाहीतर बंद व्हायचा. वायरलेस म्हटलं की खरखर आलीच. तिच्यामुळं एखाद्या शून्याचा एक होतो. म्हणून माझं मशीन प्रत्येक हुकूम तीनदा पाठवायचं. पलीकडचं मशीन तिन्ही प्रती ताडून बघायचं आणि दोन जुळल्या की तिसरी त्यांच्याप्रमाणं दुरुस्त करून घ्यायचं. याला एरर करेक्शन म्हणतात. या कोडचा मला भारी अभिमान होता.

मल्लाप्पा फिटर सावध माणूस. पंप बंद दिसत असूनही त्यानं बोलायच्या वायरलेस सेटवरून टाकीवर सांगितलं होतं, "आप्पा, अजून एकदा स्टॉप मारा." टाकीवरचे ऑपरेटर दत्तूआप्पा, त्यांनी स्टॉप मारला, आणि पंप सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशी. पाणीयोजनेच्या साहेबांनी मला विचारलं, "मॅडम, तुमचं मशीन चुकू शकतं?"

"तीनपैकी दोन प्रती नेमक्या एकाच जागी चुकाव्या लागतील, सर. तसं होत नाही."

"लिहून द्या."

मी दिलं, आणि सहीसुद्धा केली. मग उरलं एकच. दत्तूआप्पांनी चुकून स्टार्ट दाबला. त्यांच्या सस्पेन्शनची ऑर्डर टाइप झाली. संध्याकाळी पाचला साहेब सही करणार होते.

"मी स्टॉपच दाबलोय, बाई," आप्पा मला म्हणाले. "रिटायर व्हायला दोन वरसं ऱ्हायल्यात. आंधळा झालो न्हाय अजून."

मला त्यांच्याकडं बघवेना. बटण तपासायच्या निमित्तानं मी त्यांच्याबरोबर टाकीवर गेले. खरं म्हणजे मी माझ्याच रिपोर्टला टेकू शोधत होते. बटण ठणठणीत होतं. शेजारी आप्पा त्याच सेटवरून पंपघराला पाण्याची पातळी सांगत होते.

"चार फूट. चार, नाल्कु, फोर."

एकच आकडा मराठीत, कानडीत आणि इंग्रजीत. आधीच डोकं तापलेलं. मी म्हणाले, "आप्पा, एकाच भाषेत तीनदा सांगा की. हा काय बाजार आहे?"

"त्याचा उपेग न्हाय, बाई. दुपारच्याला लई खरखर असती. 'चार'मधला 'च' त्या खरखरीतच मिसळतोय. तीनदा म्हटलो तर तीनदा मिसळतोय. 'नाल्कु' न्हाय मिसळत. शब्द येगळा असला की एक तरी पोचतोय."

मी तिथल्या स्टुलावर बसलेच. माझं मशीन काय करत होतं? 'चार, चार, चार' करत होतं.

"दुपारीच का खरखर असते?"

"पंपघराच्या मागं वेल्डिंगवाला हाय न्हवं. उसाच्या ट्रॉल्या जोडतोय."

अडीच वाजले होते. जीप काढली. पंपघरात पोचल्यावर आधी मल्लाप्पाकडून मोटरची केबल सोडवली, मग वेल्डरला काम चालू ठेवायला सांगितलं. सेटवरून आप्पांना म्हणाले, "स्टॉप मारत राहा."

पहिल्यांदा स्टॉपचा दिवा लागला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही स्टॉपच. मनात कुठंतरी वाटत होतं, नकोच लागू दे स्टार्टचा दिवा. तसं वाटल्याची लाज आजही आहे. सातव्यांदा स्टार्टचा दिवा लागला.

वेल्डिंगची खरखर विजेच्या लयीत येते. माझ्या मशीनचं घड्याळही विजेच्याच लयीवर चालायचं. त्यामुळं कधीकधी दोन प्रतींत खरखर नेमकी एकाच आकड्यावर बसायची. स्टॉपच्या खुणेतलं तेवढं एक शून्य बदललं की स्टार्ट. मग दोन चुकीच्या प्रती मिळून तिसऱ्या बरोबर प्रतीची 'दुरुस्ती' करायच्या. म्हणजे चोरांच्या पंचायतीत साव दोषी.

पावणेपाचला सेटवरून साहेबांना गाठलं.

"सर, ऑर्डरवर सही करू नका. चूक मशीनची आहे."

"सकाळी तुम्हीच लिहून दिलंत, मॅडम."

"चुकीचं लिहिलं. दुसरं लिहून देते."

खरखरीतून आवाज आला, "उद्या सकाळी टेबलावर पाहिजे."

नवीन कार्ड जोडायला तीन आठवडे गेले. आता पहिली प्रत सरळ जायची, दुसरी शून्याचा एक आणि एकचा शून्य करून, तिसरी शेवटाकडून सुरुवातीकडं. खरखरीनं एकीत जे बिघडवलं ते दुसरीत उघडं पडायचं. दुरुस्तीची हौसही मी सोडली. प्रती जुळल्या नाहीत तर मशीननं काहीच करायचं नाही, फक्त पुन्हा विचारायचं. आप्पांना हे समजावलं तर म्हणाले, "म्हंजे बेळगावचं झालं की मशीन. एकच गोष्ट तीन भाषांत सांगतंय."

शेवटच्या चाचणीला वेल्डर दिवसभर ठिणग्या उडवत होता. आप्पांनी पन्नास वेळा स्टॉप मारला. मशीननं अकरा वेळा पुन्हा विचारलं. पंप एकदाही हलला नाही. साहेबांनी हात मिळवला. मी मल्लाप्पाला म्हणाले, "आता बिनधास्त बोल्ट आवळ."

तो उठला. पॅनेल उघडून मोटरचे तिन्ही फ्यूज काढले आणि खिशात घातले. माझी यंत्रणा येण्याआधी तो रोज हेच करायचा. वायरलेसवरून स्टॉप दिला की पुरे, फ्यूज काढायची गरज नाही, असं मीच त्याला शिकवलं होतं.

"कोड तुमचा चांगलाच हाय, बाई," तो म्हणाला. "पर हात माझा हाय."