बोंबलाच्या गावात रोहू

सासुरवाडीला जाताना जावयाने काय न्यावं, याबद्दल आपल्याकडे भरपूर सल्ले मिळतात. पेढे, फळं, सासऱ्यांसाठी शर्टाचं कापड. मी मासे पकडायची काठी, रीळ आणि प्लास्टिकचा एक चपटा सांगाडा नेला. माझी बायको ऋतुजा गाडीत बसताना एवढंच म्हणाली, "केळव्याला मासे पकडायला पुण्याहून हत्यारं? लोणावळ्याला चिक्की घेऊन निघालास की काय?"

मी मूळचा भंडाऱ्याचा, म्हणजे तलावांच्या जिल्ह्याचा. आमच्याकडे मासा म्हणजे रोहू, कटला, मृगळ. इंग्रजीत या सगळ्या भाऊबंदांना कार्प म्हणतात. ऋतुजा केळव्याची. तिच्या घरी नारळ-पोफळीची वाडी, आणि मासा म्हणजे फक्त समुद्राचा. माझे सासरे, अप्पा, लग्नापासून मला ऐकवत आलेत, "गोड्या पाण्यातला मासा? चिखलच खायचा तर आमच्या वाफ्यातला खा की, ताजा हाय."

या वेळी सोबत माय होती. बाबा गेल्यापासून ती भंडाऱ्याच्या घरातून हलली नव्हती. कशीबशी पुण्याला आणली, आणि शुक्रवार-शनिवार-रविवार जोडून सुट्टी आली तेव्हा म्हटलं, चल, तुला समुद्र दाखवतो. ती नको-नको म्हणत गाडीत बसली आणि लोणावळ्यापर्यंत घरी कुंडीत राहिलेल्या तुळशीची काळजी करत राहिली. ही सहल नीट पार पडली तर ती पुन्हा घराबाहेर पडेल, अशी माझी आशा होती.

रस्त्याबद्दल एकच सल्ला: पुण्याहून अंधारात निघा. घोडबंदर रस्ता सकाळी उशिरा गाठलात तर तिथेच संसार थाटावा लागतो. पुढे अहमदाबाद हायवेला मनोरपर्यंत सरळ. ट्रक तुम्हाला दोन्ही बाजूंनी ओव्हरटेक करतील, मनाला लावून घेऊ नका. मनोरला हायवे सोडायच्या आधी चहा-वडा घ्यावा. नंतर पालघर, माहीम (मुंबईतलं नव्हे), केळवे. टोल आणि पेट्रोलचा हिशेब घरी आल्यावर करावा, सहलीत करू नये.

केळव्याचा किनारा सुट्टीच्या दिवशी मुंबईकरांच्या ताब्यात असतो. राहायचं असेल तर आधीच खोली ठरवा, ऐन वेळी फक्त सुरूच्या झाडाखालची वाळू मोकळी असते. आम्हाला अर्थात घर होतं, आणि घरात सासूबाई होत्या. पाहुण्याने दुसऱ्यांदा भात घेतला नाही तर त्या तो स्वतःचा पराभव समजतात.

शुक्रवारी दुपारी तळलेले बोंबील आले. माझ्या मायचा चेहरा वासानेच पडला. ती म्हणाली, "आज माझा शुक्रवार आहे." वरणभात खाल्ला. शनिवारी सासूबाईंनी पापलेट काढलं, तेव्हा मायचा शनिवार निघाला.

"विहीणबाय, तुमी वार तरी किती करता!" सासूबाई म्हणाल्या. आवाजात हसू होतं, पण वाढायचा डाव ताटावर जरा जोरातच आपटला. मग स्वयंपाकघरात त्यांनी ऋतुजाला बाजूला घेतलं. "आमच्या हातचं चालत नाय का त्यांना? सरळ सांगा ना. उद्या मोठी सुरमई सांगितलीय, रविवारी कुठला वार काढतात बघते."

संध्याकाळी किनाऱ्यावर माय आणि मी चालत होतो. समुद्राकडे तिचं लक्षच नव्हतं.

"पंकज, रविवारचा कोणता उपास असते रे?"

"कुठलाच नसतो, माय."

"मंग मले उद्या सकाळी गाडीत बसवून दे. मले तो मासा खावाले नाही जात, न् थ्या बाईले वाईट वाटते. अन् पुन्हा इकडं नको आणू बापा मले. मी आपली घरीच बरी."

घरीच बरी. हे वाक्य मी वर्षभर फोनवर ऐकत होतो. समुद्रापाशी येऊनही तेच ऐकायला मिळालं तेव्हा मला रडू यायचंच बाकी राहिलं. म्हटलं, "उद्या दुपारपर्यंत थांब. तुला तलावाचा मासा आणून देतो." ती म्हणाली, "तू?" त्या एका अक्षरात माझ्या बालपणातल्या सगळ्या रिकाम्या हातांचा इतिहास होता.

माझा मेव्हणा निनाद तारापूरच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. त्याच्या सोबत काम करणाऱ्या एकाच्या काकांचं पाम गावाजवळ मोठं शेततळं आहे. तिथे रोहू-कटला सोडलेले, गळ टाकायची परवानगी, पकडलेला मासा किलोच्या भावाने घ्यायचा. रविवारी सकाळी आम्ही दोघं निघालो. त्याआधी एक दुर्घटना घडली. गळाला लावायला म्हणून मी मक्याचे दाणे उकडून ठेवले होते. अप्पांनी त्यांना मीठ-लिंबू लावून निम्मे फस्त केले. "कच्चे राहिलेत जरा, जावईबापू," असा अभिप्रायही दिला.

वाटेत बोईसरला पेंड घेतली. बोईसरच्या बाजारात तुम्हाला मराठी, हिंदी आणि हॉर्न या तिन्ही भाषा याव्या लागतात. पशुखाद्याच्या दुकानदाराला मी शेंगदाण्याची पेंड आणि तांदळाचा कोंडा मागितला.

"भैंस कितनी है?" त्याने विचारलं.

"भैंस नहीं, मछली के लिए."

"कितनी मछली है?"

"अभी एक भी नहीं."

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि कोंडा थोडा जास्त घातला.

आता त्या चपट्या सांगाड्याविषयी, कारण तुमच्यातल्या काहींना तेवढ्यासाठीच हे वाचायचं असणार. याला मेथड फीडर म्हणतात. तळाला शिसं, वर प्लास्टिकच्या पट्ट्या. पेंड आणि कोंडा ओला करून साच्यात दाबायचा, की सांगाड्यावर त्याचा लाडू बसतो. चार बोटं लांबीचा दोरा, त्याच्या टोकाला गळ, गळाला मक्याचा दाणा, आणि तो दाणा लाडवात खुपसायचा. मासा लाडू खायला येतो, दाणा तोंडात घेतो, शिशाचा भार जाणवताच दचकून पळतो आणि स्वतःच अडकतो. आपण हिसका द्यायचा नाही, काहीही करायचं नाही. आळशी माणसाच्या हाती इतकं चांगलं यंत्र याआधी कुणी दिलं नव्हतं.

लाडवाचा ओलावा मात्र नीट जमवा. मुठीत दाबला की टिकला पाहिजे, बोटाने टोचला की फुटला पाहिजे.

मी पहिला लाडू तळ्याच्या मध्यावर भिरकावला. इतकी महागडी काठी आणायची आणि जवळ टाकायचं हे मनाला पटत नव्हतं. निनादनेही मान डोलावली, "लांब टाका भावजी, मोठा मासा आतच असतो." तो समुद्रावरचा, त्याला पाणी म्हटलं की क्षितिजच दिसतं. तासाभरात मी मध्यावरच्या माशांना जेवढी पेंड वाटली तेवढी कुठल्या भंडाऱ्यातही वाटत नसतील. काठीचं टोक हललं नाही. तळ्याचे मालक काका खाटेवर बसून बघत होते. ते म्हणाले, "काय घाय नाय. संध्याकाळपर्यंत हाय आमी."

मला मात्र घाई होती. केळव्याला सुरमई पोचली असणार होती.

वैतागून मी काठावर बसलो आणि हाताला चिकटलेली पेंड पाण्यात धुऊ लागलो. बोटांपासून हातभर अंतरावर पाणी गढूळ झालं, मग आणखी जवळ. लव्हाळ्याच्या मुळाशी बुडबुडे यायला लागले. मासे माझ्या पायाशी होते आणि मी त्यांच्या डोक्यावरून जेवण भिरकावत बसलो होतो. उठून चार पावलं मागे सरलो, काठापासून जेमतेम दोन हातांवर, लव्हाळ्याला लागून, लाडू अलगद सोडला. निनाद हसला. "भावजी, हे तर बादलीत गळ टाकल्यासारखं झालं."

त्याचं हसू संपायच्या आत काठी वाकली. मी म्हणालो, "हात लावू नको—" पण निनादने झडप घातली आणि सगळा जोर लावून मागे ओढली. गळाचा दोरा ताड्कन तुटला. तो मागच्या मागे चिखलात बसला.

"अरे, मासा आपणहून अडकतो, सांगितलं होतं ना!"

"काय करू? आमी समुद्रावरचे. हाताला काय लागलं की आमी वढतोच."

त्याच्यावर मी जे काही ओरडलो ते ब्लॉगवर लिहिण्यासारखं नाही. मग सांगाड्याला नवा दोरा आणि गळ बांधला आणि निनादला दोन्ही हात खिशात घालून उभं राहायला सांगितलं. मक्याचे मोजकेच दाणे उरले होते, अप्पांच्या कृपेने. पुन्हा तीच जागा, तोच लाडू. काका खाटेवरून उठून आले. आम्ही तिघं पाण्यापासून मागे, पाय न आपटता उभे. जवळच्या माशाला पावलांचा सुगावा लागतो, एवढं एकच इथे सांभाळायचं.

काठी पुन्हा वाकली आणि रीळ किंचाळायला लागलं. मासा मध्याकडे निघाला. मी त्याला जाऊ दिलं, थकला की आणलं, पुन्हा जाऊ दिलं. मी मोठमोठ्याने "ये ना रे बाबा" असं म्हणत होतो, हे मला निनादने नंतर मोबाईलवर दाखवलं. शेवटी काकांनी जाळी खाली घातली आणि रोहू वर आला. तांबूस कल्ले, अंगठ्याच्या नखाएवढे खवले, चांगला अडीच किलोचा.

"जेवायला पाव्हणे बरेच दिसतात," काका म्हणाले.

"एकच आहे," मी म्हणालो.

केळव्याला पोचलो तेव्हा सुरमई चिरून तयार होती आणि माय दाढ धरून ओसरीवर बसली होती. रविवारी दाढच उपयोगी पडते. मी रोहू परसात ठेवला. सासूबाईंनी तो वरून खालून पाहिला. आमच्याकडे विहीण पाहुणी आली की तिला चुलीपाशी जाऊ देत नाहीत, त्यांच्याकडेही नाही. म्हणून त्या म्हणाल्या, "मीच करते. कोकम घालून."

माय उठली. दाढ विसरली. "विहीणबाई, मी करू का?"

ऋतुजाने माझा दंड धरला. सासूबाईंनी हात पदराला पुसले. मग त्यांनी पाट पायाने सरकवला. "बसा. मला पण दाखवा."

मायने पदर खोचला आणि विळीवर बसली. खवले साऱ्या परसात उडाले. मग सुकं खोबरं मागितलं. घरात नारळाचे ढीग आणि हिला सुकं खोबरं हवं! सासूबाईंनी ओल्या खोबऱ्याच्या वाट्या निखाऱ्यावर धरल्या. दोघी कोथिंबिरीच्या मापावरून भांडल्या, तिखटावरून भांडल्या, आणि आतून जो आवाज येत होता तो मी वर्षभरात ऐकला नव्हता. माझी माय कुणाला तरी रागावत होती. बाबा गेल्यापासून आम्ही सगळे तिला एकच सांगत होतो, तू बस. इथेही दोन दिवस तिला बसवूनच ठेवलं होतं. हे मला दाराशी उभा असताना समजलं आणि मी उगाच विहिरीवर जाऊन तोंड धुऊन आलो.

जेवायला सगळे एकत्र बसले. अप्पांनी काटे काढत, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारखा पहिला घास घेतला.

"चिखलाचा वास नाय," ते म्हणाले. मग ताटातला तुकडा संपवला. "याला मासा नाय म्हणणार मी. पण रस्सा वाढा."

सासूबाईंनी दोन वेळा घेतला. काटा घशात अडकला तरी भाताचा गोळा गिळून पुन्हा घेतला. ते बघून मायने स्वतःच हात पुढे केला. "थ्या सुरमईचा तुकडा द्या मले. लहान द्या." तिने डोळे मिटून खाल्ला. "खारट आहे," म्हणाली, आणि संपवला.

पुण्याला परत आलो त्याला आता काही महिने झाले. तुम्ही जाणार असाल तर थोडक्यात सांगतो: लाडू जवळ टाका, मेव्हण्याचे हात बांधा, मका सासऱ्यांपासून लपवा. काठी आमच्या गॅलरीत उभी आहे आणि मी तिच्याकडे अभिमानाने बघतो. बाकी कुणी बघत नाही. दोन्ही विहिणी रोज फोनवर असतात. त्या संभाषणात माझा, माझ्या फीडरचा, त्या झुंजीचा उल्लेख मी आजवर ऐकलेला नाही.

परवा मायचा भंडाऱ्याहून फोन आला.

"पंकज, पालघरले जायचं तिकीट काढून दे. कुरडया करायच्या आहेत आम्हा दोघींले."

मला इतका आनंद झाला की लगेच म्हणालो, "माझी सुट्टी टाकतो. मुंबईपासून मीही येतो सोबत."

"तू कायले?" ती म्हणाली. "तिथं काम आहे."