एक वर्ष थांबा म्हणणारी

जून उजाडला की माझी बायको शांता शाळेच्या पायरीवर जाऊन बसायची. गावातल्या बालवाडीची ती बाई. कुणी बाप लहान पोर घेऊन पहिलीत नाव घालायला आला की वाटेतच अडवायची. पोराला म्हणायची, चपला काढ, जोडीनं ठेव, माठातलं पाणी पी आणि मला येऊन सांग. पोर अर्ध्यातच विसरून बापाच्या पायाला बिलगलं की सरळ सुनावायची, "दादा, एक वरीस थांबा. शाळा कुठं पळून जात न्हाय." लोक तोंडावर वेडी म्हणायचे. ऐकून घ्यायची आणि तिथंच बसायची.

हे वेड तिला माझ्यामुळं लागलं.

माझं शिक्षण तिसरी. बिद्रीला कारखान्यावर उसाच्या मोळ्या उतरवायचो. पोरगं लवकर शाळेत गेलं की लवकर नोकरीला लागेल, एवढीच माझी अक्कल. आमच्या दीपकला पाच पुरी व्हायची होती. शांता माहेरी गेलेली, तेवढ्यात मी त्याला शाळेत नेलं. तेव्हा जन्माचा दाखला कोण मागतंय? डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की पोर सहा वर्षांचं. दीपकचा हात पोचेना. मी हळूच त्याची मान वाकवली. हेडमास्तरांनी बघून न बघितल्यासारखं केलं आणि जन्मतारीख लिहिली, एक जून.

दिवाळीपर्यंत पोरगं पार मिटून गेलं. पेन्सिल धरता येईना, दुपारी वर्गात झोपायचं, चड्डी ओली व्हायची. मास्तरांनी मागं बसवलं. एकदा जेवताना आपणहून म्हणाला, "आई, मी ढ हाय."

शांतानं ताट बाजूला सारलं. म्हणाली, उद्या नाव काढा. मी म्हणालो, भाऊबंद हसतील.

"हसू द्या की. चार दिस हसतील. ह्यो जलमभर सोताला ढ म्हणंल, ते चालंल व्हय तुमाला?"

मी गेलो नाही. तीच जाऊन नाव कमी करून आली आणि त्याला परत बालवाडीत आपल्याजवळ बसवलं. पुढच्या जूनला तेच पोरगं पहिलीत गेलं. दोन महिन्यांत पाटीवर माझं नाव लिहून माझ्यापुढं धरलं. मला वाचायला वेळ लागला, त्याला लिहायला लागला नव्हता. आता जयसिंगपुरात मास्तर आहे.

भाजीला मीठ कमी म्हटलं तरी मला फाडून खाणारी बाई; पण या गोष्टीवरून तिनं कधी टोमणा मारला नाही.

ती गेली, त्याला वर्ष होईल. दहाव्याला दीपक माझ्याजवळ बसून म्हणाला, "आप्पा, आई नेहमी म्हणायची, तुला शाळेत घालायची घाई माझीच झाली, त्याचं मनाला लागलंय."

मी म्हणालो, "घाई माझी होती. तिला ठाऊकसुद्धा नव्हतं."

तो माझ्याकडं वळला. मग म्हणाला, "मी तुमच्यावर राग धरू नये म्हणून म्हणत असंल."

तिच्याबरोबर पस्तीस वर्षं काढून हे मला कळलं नव्हतं. पोराला बसल्या जागी कळलं.