चौदा आणि पंधरा यांच्यामधलं पाणी

गोगी आज जेवलेली नसणार. डबा उघडला असेल, एक घास खाल्ला असेल आणि झाकण लावून तो तसाच भाड्याच्या खोलीच्या खिडकीत ठेवून दिला असेल. काळजी लागली की आधी तिची भूक जाते, मग झोप. बोलणं तर मुळातच बेताचं. संध्याकाळी फोन ठेवताना ती म्हणाली, "बरं, तू म्हणतेस तसं." तेव्हापासून ते "बरं" माझ्या डोक्यातून जात नाही. एकोणतीस वर्षांत माझं म्हणणं तिनं इतक्या लवकर कधी मान्य केलेलं नाही.

गोगी म्हणजे गोगलगाय. नाव तिच्या बाबांनी ठेवलं. हे बस डेपोत वेळापत्रक लावायचे, त्यामुळे घरातलं सगळं ते बसमध्ये मोजत. सकाळी दारात उभे राहून म्हणायचे, "बुटाची एक नाडी बांधून झाली, सातची गेली. दुसरी बांधेपर्यंत सव्वासातची पण जाणार." ती मान वर न करता म्हणायची, "मग साडेसातची पकडू." शाळेतही तीच कथा. पेपरातला शेवटचा प्रश्न कायम कोरा. जे लिहिलेलं असे त्यात मात्र लाल पेनाला काम नसे. पहिलीत असताना बाईंनी मुलांना विचारलं होतं, घरी आई तुम्हाला काय म्हणून हाक मारते? कुणी सोनू सांगितलं, कुणी पिल्लू. आमच्या बाईसाहेबांनी सांगितलं, "आटप." बाईंनी ते मला हसत हसत सांगितलं, मीही हसले, आणि फाटकाबाहेर आल्यावर तिला म्हणाले, "चल, आटप."

डॉक्टर होण्याइतके गुण तिला मिळाले नाहीत. तो शेवटचा कोरा प्रश्न तिथेही आडवा आला. तिनं लॅबोरेटरीचा कोर्स केला आणि एका मोठ्या हॉस्पिटलात टेक्निशियन म्हणून लागली. मी नातेवाइकांना नुसतं "मेडिकल लाइनला आहे" असं सांगत असे. एकदा माझ्या भावानं तिलाच विचारलं, "म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली का गं?"

"हाताखाली नाही मामा, डॉक्टरांच्या आधी. मी कापल्याशिवाय त्यांना काही दिसत नाही."

मला मनातून बरं वाटलं.

तिची कामाची खोली मी एकदाच पाहिली आहे. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, लांबट, एका बाजूला उंच खिडक्या. औषधाचा उग्र वास डोळ्यांत जातो आणि मग सवय होते. पेशंटच्या शरीरातून काढलेला तुकडा इथे येतो तो बरणीतून, द्रवात बुडवलेला. कधी मुठीएवढा, कधी सुईनं काढलेला, शेवईसारखा बारीक. त्यातलं पाणी रात्रभरात काढून टाकतात आणि त्याच्या जागी मेण भरतात. मग तो मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवतात. त्याला हे लोक ब्लॉक म्हणतात. गोगीचं काम तिथून पुढे. ब्लॉक बर्फावर गार करायचा, यंत्रात अडकवायचा आणि हातानं चाक फिरवायचं. पात्यावरून मेणाची पट्टी निघते, इतकी पातळ की तिच्यावर फुंकर घातली तर गेली. ती ब्रशनं उचलून कोमट पाण्याच्या भांड्यावर सोडायची. पाण्यावर तिच्या सुरकुत्या जातात. मग खालून काच घालून ती अलगद काचेवर घ्यायची. पुढे रंग देतात, निळा आणि गुलाबी, आणि ती काच डॉक्टरांच्या मायक्रोस्कोपखाली जाते. पेशी शहाण्यासारख्या रांगेत आहेत, की मोठ्या, वेड्यावाकड्या होऊन जिथे जायला नको तिथे शिरल्या आहेत, हे डॉक्टर बघतात. त्यावर पुढचं सगळं ठरतं.

हे तिला ज्यांनी शिकवलं त्या म्हाताऱ्या टेक्निशियनना सगळे मास्तर म्हणत. आता ते निवृत्त झाले. मी गेले त्या दिवशी त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, "तुमची मुलगी संथ आहे अशी तक्रार वरून येते. मी म्हणतो, येऊ दे. वेग ड्रायव्हरला शोभतो." मग गोगीकडे वळून, "मॅडम, पाणी?"

"पुसलं, मास्तर."

"आईसमोर आहे म्हणून पुसलंत, की रोज पुसता?"

गोगीनं ओला कागद त्यांच्यासमोर धरला. तेव्हा मला कळलं नाही, मी विचारलं. एका ब्लॉकची पट्टी उचलली की पाण्यावर तिचा एखादा कण राहू शकतो. डोळ्याला दिसेलच असं नाही. म्हणून पुढचा ब्लॉक घेण्याआधी कागदाची पट्टी पाण्यावरून ओढायची, दर वेळी. नाहीतर एकाचा कण दुसऱ्याच्या काचेवर जाऊन बसतो. मास्तर म्हणाले, "आणि मग तो कुणाचा, हे तो सांगत नाही."

चार वर्षं ती कंत्राटावर आहे. या महिनाअखेर एक जागा कायम होणार, दावेदार दोघं. दुसरा मुलगा दिवसाला साठ ब्लॉक कापतो, गोगी चाळीस. तिला दोनदा तोंडी समज मिळाली आहे. गेल्या महिन्यापासून ती पन्नासवर गेली होती आणि हे अभिमानानं मीच सगळ्यांना सांगत होते.

आता या आठवड्यातलं.

मंगळवारी तिच्यासमोर चौदा आणि पंधरा नंबरचे ब्लॉक लागोपाठ आले. दोन वेगळ्या बायकांच्या स्तनातल्या गाठीचे, सुईनं काढलेले तुकडे. चौदा नंबरचा कर्करोग निघाला, त्यात कुणालाच शंका नव्हती. पंधरा नंबरचा रिपोर्टही तसाच गेला. त्यांचे मोठे डॉक्टर रजेवर होते, त्यांच्या जागी आलेल्या तात्पुरत्या डॉक्टरांनी सही केली. आज दुपारी गोगी काचा कपाटात लावत होती. आपण कापलेली काच ठेवण्याआधी एकदा उजेडात धरायची तिची जुनी सवय आहे. पंधरा नंबरच्या काचेवर तीन लांब धागे होते, त्या बाईचे. आणि त्यांच्यापासून दूर, कोपऱ्यात, एकटाच एक ठिपका. मोहरीपेक्षा लहान.

तिनं तो मायक्रोस्कोपखाली पाहिला. वाईट पेशी त्या ठिपक्यातच होत्या. तीन धाग्यांमध्ये तिला एकही दिसली नाही.

"म्हणजे तो चौदा नंबरच्या बाईचा?" मी विचारलं.

"माहीत नाही, आई. मी डॉक्टर नाही. पंधराच्या बाईचाही असू शकतो, तुटून बाजूला पडलेला."

"मग?"

"मधे पाणी पुसल्याचं मला आठवत नाहीये."

तिनंच पुढे सांगितलं. ब्लॉक कपाटात आहे. त्यातून आणखी खोल पाच-सहा काप घेतले तर बहुतेक कळेल. एका दिवसाचं काम. पण ते करायचं तर कुणीतरी आधी सांगायला हवं की शंका आहे, आणि शंका का आहे. रक्तपेढीला गेलेल्या चिठ्ठीवर त्या बाईच्या ऑपरेशनची तारीख तिनं पाहिली होती. परवा सकाळी आठ. एक बाजू पूर्ण काढणार.

"कोण आहे गं ती?"

"पंधरा नंबर. एक्केचाळीस वर्षं. फॉर्मवर एवढंच असतं आमच्याकडे."

"कुणाला बोललीस?"

"त्या साठवाल्याला. तो म्हणाला, सही डॉक्टरांची आहे, तू कशाला मधे पडतेस. मोठे डॉक्टर उद्या नऊला येतायत. त्यांना सांगावं म्हणते."

आणि मी म्हणाले, हे इथे जसंच्या तसं लिहून ठेवते: "तुला आठवत नाही म्हणजे पुसलं नाहीस असं नाही. रोजचं काम आहे, हात आपोआप करतो. डॉक्टरांनी पाहिलंय, सोनोग्राफी झाली असेल, इतकी माणसं मधे आहेत. महिनाअखेरीला जागा आहे, गोगी. आत्ता स्वतःच्या तोंडानं सांगायला जाऊ नकोस."

"पण तिचं..."

"तिचं बघायला डॉक्टर आहेत."

मग मी विचारलं, "पण तू तर कधी विसरत नाहीस. त्याच दिवशी कशी विसरलीस?"

"मधे उठावं लागलं होतं."

"का?"

"असंच. काहीतरी." आणि मग ते "बरं, तू म्हणतेस तसं."

जेवताना ह्यांना मी सगळं सांगितलं. ह्यांनी घास तोंडाशी थांबवला आणि विचारलं, "किती वाजता उठली होती?"

"त्याचं काय?"

"दोन गाड्यांमधे गडबड झाली की आम्ही आधी वेळ विचारायचो. माणूस कुठे होता ते वेळेवरून कळतं." मग भात कालवत म्हणाले, "आणि आपली गोगी 'असंच' कधी उठली गं? तिला उठवायला भूकंप लागतो."

ते झोपले. मी भांडी आवरली, दाराची कडी दोनदा पाहिली, आणि मग फोन घेऊन बसले. गोगीनं बोलता बोलता सांगितलं होतं की त्यांच्या वहीत प्रत्येक ब्लॉकची वेळ असते. चौदा, अकरा वाजून दहा. पंधरा, अकरा पंचवीस.

माझ्या फोनमध्ये मंगळवार अजून होता. अकरा चौदा, अकरा पंधरा, अकरा सतरा. तिन्ही फोन गोगीला. पहिले दोन तिनं कापले, तिसरा घेतला. एक मिनिट चाळीस सेकंद.

वॉशिंग मशीन बंद पडलं होतं. आत पाणी भरलेलं, दार उघडत नव्हतं आणि ते सारखं किंचाळत होतं. ह्यांचे शर्ट आत अडकले होते. "आई, माझे हात कामात आहेत," ती म्हणाली होती. मी म्हणाले, "एकच मिनिट गं, पटकन सांग." त्यांच्या त्या खोलीत फोनवर बोललेलं चालत नाही, म्हणून ती बाहेर पॅसेजमध्ये आली असणार. कुठलं बटण किती वेळ दाबून धरायचं ते तिनं मला न चिडता सांगितलं. दार उघडलं. मी तिला धन्यवादही म्हटलं नाही, म्हटलं, "बरं, ठेव आता, तुझं काम पडलं असेल."

तिच्या लॅबमध्ये माझ्या फोनला "अलार्म" म्हणतात हे मला ठाऊक आहे. तिनंच एकदा हसत सांगितलं होतं आणि दोनच्या आधी फोन करायचा नाही असा नियम घालून दिला होता. तो मी दोन महिने पाळला.

म्हणजे उद्या मोठ्या डॉक्टरांनी "मधे का उठलीस" असं विचारलं, की तिला माझं नाव घ्यावं लागेल. संध्याकाळी ते तिनं माझ्याजवळही घेतलं नाही. मी तिला गप्प बसायला सांगत होते आणि ती माझ्यासाठी आधीच गप्प बसलेली होती.

तो ठिपका कुणाचा, मला माहीत नाही. कदाचित त्या बाईचाच असेल आणि रिपोर्ट बरोबर असेल. तसं असेल तर एक दिवस जाईल, डॉक्टर ओरडतील, जागा त्या साठवाल्याला मिळेल. गोगीला दुसरीकडे काम मिळेल किंवा काही दिवस मिळणार नाही. हे सगळं मी दोन वेळा मनात मांडून पाहिलं. नसेल तर काय, हेही पाहिलं. एक्केचाळीसाव्या वर्षी मी गोगीला सायकल शिकवत होते. तिला पायडल मारायला इतका वेळ लागायचा की सायकल आधी पडायची, आणि मी मागून धावत ओरडत असे, तेच माझं नेहमीचं.

गोगी पावणेसातला खोलीवरून कामाला निघते. सहाला फोन केला तरी चालेल, तोपर्यंत तिला झोप लागली असेल तर मिळू दे, असं आधी वाटलं. पण सहापर्यंत मी थांबले तर माझं मन बदलेल. मी स्वतःला ओळखते. सकाळी चहा करताना मला पुन्हा ती कायमची जागा दिसू लागेल, पगार दिसेल, भावाचा चेहरा दिसेल.

तिला सांगायचं ते ठरलं आहे. नऊला डॉक्टर आले की सरळ त्यांच्याकडे जा. पाणी पुसल्याचं आठवत नाही असं सांग. का उठलीस विचारलं तर आईचा फोन होता म्हण, तीन वेळा आला होता म्हण, वाटलं तर माझा नंबर दे. आणि सावकाश सांग, घाई करू नकोस.

पावणेदोन वाजलेत. दोनच्या आधी फोन करायचा नाही हा नियम दुपारचा होता. तीही जागीच असणार. मी फोन लावते आहे.