मुरबाडचं पहिलं शीट

वाल्मिक शहापूर-मुरबाड रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवायचा, आणि या धंद्यात निम्मं काम गाडी भरायची वाट बघण्याचं. रिकाम्या गाडीत कोणी चढत नाही. म्हणून ड्रायव्हर आधी आपलंच एखादं माणूस आत बसवतात, बघणाऱ्याला वाटावं, गाडी आता सुटतेय. खरी शीटं, म्हणजे पैसे देणारी माणसं, आली की ड्रायव्हर बॉनेटवर थाप मारतो आणि बसवलेलं माणूस मुकाट उतरतं. यात कोणाला लाजबिज वाटत नाही. वाल्मिकची निम्मी हयात शहापूरच्या स्टँडवर गेली होती. कंबर कामातून गेली होती, आणि स्वभाव तिच्याही आधी.

घरी सापगावला त्याची मुलगी मनस्वी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. बावीस वर्षांची पोर. मुरबाडला नर्सिंगला घातली, पहिल्याच वर्षी दोनदा नापास झाली, आणि घरात येऊन पडली ती पडलीच. दुपारी उठायची, मोबाईल बघायची, पुन्हा आडवी. तिच्या आईने, काशीने, उपास धरले. मामाने फोनवरून अक्कल शिकवली. वाल्मिकने तर शेजारच्यांच्या हुशार भाविकाचं नाव इतक्यांदा घेतलं की ‘भा’ म्हटलं तरी पोर कानावर उशी ओढायची. ओरडून झालं, रडून झालं, अबोला धरून झाला. वाल्मिक आता इतका दमला होता की घरी आल्यावर तिच्या खोलीकडे बघायचीच त्याला भीती वाटे.

एक दिवस सकाळपासून एकही फेरी झाली नव्हती. भाकरी खायला घरी आला आणि दारातूनच म्हणाला, “मनू, गाडीत चल.”

“कशाला?”

“बसायला.”

“मला नाय जमणार, बाबा.”

“जमवायचा काय हाय त्यात? हितं पडतेस ती तिथं बस. बाई दिसली का बाया चढतात.”

लोक नंतर म्हणाले, वाल्मिकने डोकं लढवलं. डोकंबिकं काही नव्हतं. सांगण्यासारखं त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं, एवढंच.

ती आली. ओढणी डोक्यावरून घेऊन खिडकीशी बसली. आणि खरंच, बाया येऊ लागल्या. “मुरबाड का गो?” म्हणून विचारू लागल्या. आधी ती नुसती मान हलवायची. मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात “हो, मुरबाडच, या” म्हणायला लागली, एखादीची पाटी आत ओढून घ्यायला लागली. थाप पडली की उतरून समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायची.

काशी हरखली. “बघा, लागली ना पोर मार्गाला!”

“कसली लागते?” वाल्मिक खेकसला. “गाडी रोज तिला टाकून जाते.” आरशात ती मागे राहिलेली दिसायची आणि वळण येईपर्यंत तो तिथेच बघत राहायचा, ते मात्र त्याने बायकोला सांगितलं नाही.

भाजी विकायला मुरबाडला जाणारी गुणाबाई रोजचं शीट. एका सकाळी थाप पडली, मनस्वी उतरू लागली, तशी गुणाबाई म्हणाली, “गो पोरी, रोज मुरबाड मुरबाड करतेस, नि गाडी निघाली का उतरतेस. तुला जायाचा हाय तरी कुठं?”

गाडीतले हसले. मनस्वी हसली नाही.

वाल्मिकने मुरबाडपर्यंत गुणाबाईला मनातल्या मनात शिव्या घातल्या. संपलं, आता ही स्टँडवर पाय ठेवायची नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तिला हाकही मारली नाही. बाहेर येऊन बघतो तर ती आधीच जीपमध्ये, केस नीट विंचरलेले, कॉलेजची जुनी सॅक मांडीवर. त्याने गाडी सुरू केली. आपण तोंड उघडलं की बिघडतं, हे त्याला एव्हाना कळून चुकलं होतं.

स्टँडवर गाडी भरली. शेवटी एक म्हातारा पिशवी घेऊन आला. जागा उरली होती ती मनस्वीचीच. वाल्मिकने बॉनेटवर थाप मारली. ती हलली नाही. त्याने पुन्हा मारली.

“बाबा, मला मुरबाडला जायचंय,” ती समोर बघत म्हणाली. “कॉलेजच्या बाईंना भेटते. परत घेतील का नाय, माहीत नाय.”

म्हातारा कावला. “अरे, तुझीच पोर ना? उतरव की तिला!”

“तुमी मागच्या गाडीनं या, काका,” वाल्मिक म्हणाला. “ती पहिल्यापासून बसलीय.”

मुरबाडला उतरून ती गेली. वाल्मिकने तिथल्या स्टँडवर परतीचा आपला नंबर जाऊ दिला, मग पुढचाही जाऊ दिला. बाई नाही म्हणाल्या तर पोर पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडेल, हे त्याला दिसत होतं, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं करायचं बळ त्याच्यात राहिलं नव्हतं. ऊन चढलं. गाडी आपोआप भरली. फक्त त्याच्या शेजारच्या सीटवर त्याने आपला टॉवेल टाकून ठेवला होता.

मागून एकजण करवादला, “ओ, भरली ना गाडी? सोडा की आता!”

कॉलेजच्या रस्त्यावरून नजर न काढता वाल्मिक म्हणाला, “सोडतो. एक शीट यायचा हाय.”