खायची नसलेली अंबाडी

भिवापूरच्या शाळेत मी एकाच विषयात हुशार होतो: सगळ्या मास्तरांचे आवाज काढणं. नागपुरात शेतकी कॉलेजात आलो, तं महिन्याभरात मातीचा विषय शिकवणाऱ्या सरांचाही आवाज गळ्यात बसला. सरांनी मले शहराबाहेरचा प्लॉट राखाले दिला. तिथं पहिले जुन्या बॅटऱ्या फोडत. मातीत शिसं उतरलं होतं. म्हणून सरांनी अंबाडी पेरली. ती मुळानं शिसं ओढते, पाल्यापर्यंत नेते. मंग झाडं उपटून न्यायची अन् पुन्हा पेरायची. दर खेपेले माती जराशी साफ.

पण कोवळी अंबाडी पाहून आपल्याकडची बाई सरळ जाईन काय? बाजूच्या वस्तीतल्या मावशीनं एक दिवस पिशवीभर पाला खुडला. पोरगी बाळंतपणाले माहेरी आली होती, तिले अंबाडीची भाजी अन् ज्वारीची भाकर पाहिजे होती.

मी बोर्ड दाखवला: पाला विषारी आहे. मावशी हासली. तीही तिच्या हरभऱ्यात दरसाल असाच बोर्ड लावते म्हणे, फवारा कधी मारत नाही. मंग मी सरांच्या आवाजात दम दिला. तं म्हणे, आता माह्या जावयाचा काढ. हप्ताभर नकला करून मीच तिले हासवून राहिलो होतो, आता भोगा.

ती पिशवी घेऊन निघाली. मी आडवा उभा राहिलो.

"मावशी, या पाल्यात बॅटरीचं शिसं हाय. पोटातल्या लेकराले बाधते ते."

ती थांबली. "आता हा कोणाचा आवाज हाय गा?"

"माहाच."

तिनं जरा वेळ माह्या तोंडाकडं पाहिलं अन् पिशवी माह्या पायाशी उलटी केली.

मी घरी फोन केला, तं दुसऱ्या दिवशी माह्या मायनं भिवापूरहून एसटीत पिशवी पाठवली, घरच्या वावरातली अंबाडी. मावशीच्या पोरीनं तीन भाकरी हाणल्या.

पुढच्या हप्त्यात मी उशिरा प्लॉटवर पोचून राहिलो होतो, तं आतून सरांचा आवाज: "सॅम्पल आहे ते, पानाला हात लावू नका." शर्ट खोचत पळालो. सर नव्हतेच. कुंपणाशी मावशी कमरेवर हात ठेवून उभी, अन् समोर दोन बाया रिकाम्या पिशव्या घेऊन मुकाट्यानं परत चालल्या होत्या.

खरं सांगतो, सर तिले माह्यापेक्षा चांगले जमले होते.