नानांनी हातानं लिहिलेली ओळ

"पडदा काहीबी सांगस, ताई. तठला मानूसले इचार," असं म्हणत नाना फोन उचलायचे. समोर संगणकाच्या पडद्यावर सगळ्या खुणा हिरव्या असायच्या आणि हा माणूस धडगावच्या नर्सबाईंना विचारत असायचा, पडदा उघडतोय का, औषधांचे आकडे आजचेच आहेत का. मग त्यांच्या शेळीची चौकशी. शेळी व्याली त्या आठवड्यात तर फोन चांगलेच लांबले.

शहाद्याला एका संस्थेच्या दवाखान्यांचं संगणकाचं काम आम्ही दोघं पाहत होतो. तीन सर्व्हर जोडून केलेला क्लस्टर, त्यावर औषधसाठ्याचा, रुग्णनोंदीचा असे प्रोग्रॅम आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या कप्प्यांत, चालत. क्लस्टरबरोबर काही ॲड-ऑन, म्हणजे जोडीचे छोटे प्रोग्रॅम, तयारच मिळतात. एक साठवणीची जागा देतो, एक कुठला प्रोग्रॅम, कुठला संगणक कुठे आहे त्याचा पत्ता सांगतो. एका ओळीच्या हुकमानं ते चालू होतात, एका ओळीनं बंद.

त्या एका ओळीची नानांना फार धास्ती. कुठलाही ॲड-ऑन बंद करण्याआधी ते दवाखान्यांच्या सातही केंद्रांना फोन करत आणि चालू केल्यावर पुन्हा सातही. म्हसावदला अहिराणीत, डोंगरातल्या केंद्रांना पावरीत. मी पुण्यात नोकरी करून आलेली, मला हा निव्वळ वेळकाढूपणा वाटे. तुमच्याही कचेरीत असं कुणी असेल आणि त्याच्या पाठीमागे तुम्हीही हसला असाल.

"नाना, सिस्टिम स्वतःच सांगते ना सगळं?"

"ती फक्त तिन्हं सांगस. आपले इचारनंच पडस."

नाना भाच्याच्या लग्नाला ब्राह्मणपुरीला गेले होते, तेव्हा पत्त्याचा ॲड-ऑन अडखळायला लागला. पुण्यात आम्ही करायचो तेच मी केलं. बंद केला, चालू केला. अर्ध्या मिनिटाचं काम. सगळं हिरवं झालं. फोन एकही केला नाही आणि डबा उघडून जेवायला बसले.

औषधांच्या गोदामातला जुना संगणक क्लस्टरच्या बाहेर होता. त्याचा पत्ता नानांनी त्या ॲड-ऑनमध्ये हातानं लिहिलेला होता. बंद करताच ती ओळ गेली आणि ॲड-ऑन पुन्हा उभा राहिला तो कोरा. गोदामातून साठ्याचे नवे आकडे येईनासे झाले. केंद्रांवर जुनेच दिसत राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी धडगावच्या वरच्या पाड्यातल्या एका बाईला साप चावला. केंद्रातली सर्पदंशावरची लस संपलेली. पडद्यावर साठा पाहून नर्सबाईंनी तिला जीपनं दुसऱ्या केंद्राकडे पाठवलं. तिथलं कपाट रिकामं निघालं. नर्सबाईंनी फोन केला तो नानांनाच. त्यांनी लग्नाच्या मांडवातून एकेक केंद्र विचारत लस म्हसावदला शोधली आणि जीप घाटातून खाली तिकडे उतरवली. दोन तास वाया गेले होते. बाई वाचली, पण तिच्या पायाची दोन बोटं कापावी लागली.

संस्थेनं लेखी खुलासा मागितला. मी नोकरीत अजून कायम झाले नव्हते. मी कागद पुढे ओढायच्या आत नानांनी लिहून टाकलं होतं, "लग्नाला निघायच्या आधी ॲड-ऑन मी बंद केला."

"नाना, हे खोटं आहे."

"ती ओळ मी कोठेच नोंदेल नव्हती. तुले कसं समजी? चूक मन्हीच शे."

मी तो कागद तसाच जाऊ दिला. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं, आणि त्याची लाज मला आजही वाटते. नानांना काढलं. मी कायम झाले. ते ब्राह्मणपुरीला शेतीत रमले असं लोक सांगत, मी पाहायला गेले नाही. गेल्या वर्षी ते हृदयविकारानं गेले, तेही मला चार दिवसांनी कळलं.

दिवसकार्य झाल्यावर मी धडगावची जीप धरली. नर्सबाई मला वरच्या पाड्यावर घेऊन गेल्या. साप चावलेली ती बाई अंगणात मोहाची फुलं वाळवत बसली होती. नाना वारले हे नर्सबाईंनी तिला पावरीत सांगितलं, तेव्हा तिचे हात थांबले. नाना दर दोन महिन्यांनी येत, असं मला तिथं पहिल्यांदा कळलं. येऊन पाय बघत, मलम देत. ती संकोच न करता पाय त्यांच्यासमोर पुढे करी.

मग मी नर्सबाईंना म्हणाले, तिला सांगा, ते बंद मी केलं होतं, नानांनी नाही.

त्या दोघी बराच वेळ बोलल्या.

"ती म्हणते, तो माणूस दर वेळी सांगायचा की माझ्या हातून झालं. मग खरं कोण, असं विचारते."

"मी," मी म्हणाले.

हे भाषांतर करून सांगावं लागलं नाही. बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि उन्हात पसरलेला पाय हळूच लुगड्याखाली ओढून घेतला.